वाचकांचे प्रश्न : सोसायटीतील सांडपाण्याचा गाळ आणि सभासदांना द्यायची माहिती

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तेथील गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून व उन्हात वाळवून माळी बागेला घालतात आणि काही सभासद तो कुंड्यांसाठीही नेतात. अमेरिकेत अशा गाळात ‘पीएफएएस’ ही न विघटणारी रसायने सापडल्याची बातमी व्हॉट्सअ‍ॅप गटावर आल्यापासून गाळ बंद करा, अशी मागणी होत आहे. ‘आपला गाळ पूर्णपणे सुरक्षित आहे, सभासदांनी अफवांवर विश्वास ठेवू नये’ अशी सूचना लावावी, असे कार्यकारी समितीचे मत आहे. तिचा मजकूर मला लिहायचा आहे. तो कसा असावा?
— चिटणीस, गृहनिर्माण संस्था, पवई

उत्तर : समितीने सुचवलेली सूचना कृपया लावू नका. गाळाची तपासणी झाल्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. आणि तपासणी झाली तरी प्रयोगशाळेचा अहवाल मोजक्याच द्रव्यांविषयी बोलतो, ‘पूर्णपणे’ हा शब्द कोणताही अहवाल देत नाही. शिवाय सभासदांनी वाचलेली बातमी ही अफवा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये या विषयावरील जोखीम-मूल्यांकनाचा मसुदा खरोखरच प्रसिद्ध केला आहे आणि त्याआधी २०२२ मध्ये मेन या राज्याने शेतात असा गाळ पसरण्यावर बंदी घातली आहे. खऱ्या बातमीला अफवा म्हटले, की समितीचे पुढचे खरे बोलणेही कोणी मानणार नाही.

मात्र त्या मसुद्यात काय आहे, हे सूचनेत अवश्य सांगावे. पीएफओए किंवा पीएफओएस या पीएफएएस गटातील दोन रसायनांपैकी एखादे गाळात अब्जात एक भाग, म्हणजे हजार टन सुक्या गाळात एक ग्रॅम, एवढे असले तरी काही परिस्थितींत जोखीम स्वीकारार्ह पातळीच्या वर जाऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. परंतु हे गणित प्रामुख्याने गाळ घातलेल्या शेतावर किंवा त्याच्या जवळ राहणाऱ्या आणि तेथील दूध, अंडी, मासे, पाणी यांवर अवलंबून असलेल्या लोकांसाठी मांडलेले आहे. सर्वसाधारण जनतेसाठी नाही. पवईच्या बागेतील जास्वंदीशी त्याचा संबंध दूरचा आहे, कुंडीतल्या पालकाशी जवळचा आहे आणि मातीत खेळून तेच हात तोंडात घालणाऱ्या मुलाशी आणखी जवळचा. एखादे द्रव्य गाळात ‘आहे की नाही’ एवढेच सांगून भागत नाही. ते किती आहे, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या शरीरात जाऊ शकते, हे सांगितले तरच वाचणाऱ्याला स्वतःपुरता निर्णय घेता येतो.

गाळातली पीएफएएस आणि धातू ही द्रव्ये आपल्याच घरांतून येतात, हेही लिहावे. नळ व जोडण्यांमधून तांबे, सौंदर्यप्रसाधने व कोंड्यावरच्या शाम्पूतून जस्त, डागरोधक कापडांतून व काही प्रसाधनांतून पीएफएएस सांडपाण्यात उतरतात. पाण्यात सहज न विरघळणारे पदार्थ आणि बहुतेक धातू घन कणांना चिकटतात, त्यामुळे पाणी स्वच्छ होत जाते तसे ते गाळात साठत जातात. पूर्वी शेताला सोनखत घालत, मग आता भीती कशाची, असा युक्तिवाद सभेत हमखास होईल. पण त्या सोनखतात यांतली बरीच द्रव्ये नव्हती.

आकडे देताना खरी अडचण तुलनेची येते. आपल्याकडे खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी किलोमागे जस्त १०००, तांबे ३००, शिसे १००, कॅडमियम ५ आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा आहेत. अमेरिकेच्या १९९३ च्या गाळविषयक नियमांत उत्तम प्रतीच्या गाळासाठी याच मर्यादा अनुक्रमे २८००, १५००, ३००, ३९ आणि १७ आहेत. म्हणजे किलोमागे १८०० मिलिग्रॅम जस्त असलेला नमुना तिकडे उत्तीर्ण होतो आणि इकडे नापास. सोयीची मर्यादा निवडण्याचा मोह समितीला होईल. माझ्या मते भारतीय मर्यादाच छापावी आणि ती कंपोस्टसाठीची आहे, हेही त्याच ओळीत लिहावे. पीएफएएसची मर्यादा यांपैकी कोणत्याच यादीत नाही. म्हणून धातूंचा अहवाल चांगला आला तरी त्यावरून पीएफएएसविषयी काहीही सिद्ध होत नाही, हे सूचनेत ठळकपणे यावे. ते दडवले तर गटावरचा पहिला प्रश्न तोच असेल.

जोखीम-संवादाचे अभ्यासक पीटर सँडमन यांनी १९८० च्या दशकात मांडले, की लोकांना जाणवणाऱ्या जोखमीत प्रत्यक्ष धोक्याइतकाच त्यांच्या संतापाचाही वाटा असतो. आणि न विचारता लादलेली गोष्ट लोकांना अधिक धोकादायक वाटते. आपल्या सभासदांना गाळाविषयी आजवर कोणी विचारले होते का? नसेल, तर रसायनशास्त्राचा तास घेऊन राग शमणार नाही. नमुना कोणत्या दिवशी, कोणासमोर घ्यायचा हे तक्रार करणाऱ्यांनाच ठरवू द्यावे, तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा, अहवाल जसाच्या तसा फलकावर लावावा आणि तोवर गाळ कुंड्यांसाठी देणे थांबवावे. ‘रस्ता ओलांडण्यात याहून अधिक धोका आहे’ यासारखी वाक्ये टाळावीत. रस्ता माणूस स्वतःहून ओलांडतो.

रसायनांच्या चर्चेत जंतूंचा विषय मागे पडतो, तसे होऊ देऊ नये. केवळ वाळवलेल्या गाळात जंतांची अंडी टिकून राहू शकतात आणि माळीकाकांच्या दृष्टीने तोच धोका सर्वांत जवळचा आहे. सूचना त्यांनाही वाचून दाखवावी आणि हातमोजे सोसायटीने पुरवावेत.

महानगरपालिकेच्या नव्या सात प्रक्रिया केंद्रांची एकूण क्षमता दररोज २४६४ दशलक्ष लिटर आहे. ती पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर निघणाऱ्या गाळाविषयी हेच प्रश्न साऱ्या शहरासमोर येतील.

प्रश्न : अशा गाळाचे खत घालून मी गच्चीत पालक आणि अळू लावते. भाजी नीट धुतली की धातू निघून जातात का?
— एक वाचक, दादर

उत्तर : काही अंशी. शिसे मुख्यतः पानांना चिकटलेल्या मातीबरोबर पोटात जाते आणि ती माती धुण्याने निघते. कॅडमियम मात्र मुळांवाटे पानांत शिरते, तेथून ते धुऊन निघत नाही. पालेभाज्या ते इतर भाज्यांपेक्षा जास्त शोषतात आणि माती आम्लधर्मी असेल तर आणखी जास्त. धातू कुजून नाहीसे होत नसल्याने दरवर्षी खत घातलेल्या त्याच कुंडीत ते साठत राहतात. गाळाचा अहवाल हाती येईपर्यंत हे खत फुलझाडांनाच घालावे आणि पालक-अळूच्या कुंड्यांतील माती बदलून त्यात घरच्या ओल्या कचऱ्याचे खत वापरावे.