मुलं आजी-आजोबांपासून तुटतील का? तिकडे वाढलेल्या मुलाकडून उत्तर

तुम्ही विचारलंय की मुलगी 5 वर्षांची, मुलगा 2 चा, पुढच्या वर्षी सगळं आवरून परदेशात राहायला जायचं ठरतंय, तर मुलं आजी-आजोबांना परकी होतील का आणि दर वर्षी यायला जमलं नाही तर काय. बाकीच्यांनी आई-बाबा म्हणून सांगितलंच आहे. मला 4 वर्षांचा असताना उचलून नेलं होतं, त्यामुळे मी मुलाच्या बाजूने सांगतो.

पहिलं म्हणजे फोनवर फार विसंबू नका. आमच्याकडे दर रविवारी फोन असायचा आणि माझ्या हातात दिला की तीनच प्रश्न, कसा आहेस, अभ्यास काय म्हणतोय, कधी येणार. मी 9 वर्षांचा असताना आम्ही 3 आठवड्यांसाठी गेलो तर पहिल्या दहा मिनिटांत ते तीन प्रश्न संपले, मग आजी माझ्याकडे बघतेय आणि मी तिच्याकडे.

त्यात माझ्या भाषेची वेगळीच गंमत. बाबा रात्री उशिरा यायचे, घरची भाषा कानावर पडायची ती फक्त आईची, त्यामुळे मी सरळ 'मी येते', 'मी पडले' असं बोलायचो. मला पत्ताच नव्हता! चुलत भावंडं जी हसली की मी उरलेले सगळे दिवस तोंडच उघडलं नाही. मग मोठ्यांनी ठरवून टाकलं की याला काही कळत नाही, आणि माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलायला लागले. कळत सगळं होतं हो, बोलता येत नव्हतं. बाहेर वाढलेल्या खूप मुलांचं असंच होतं, समजतं पण उलट बोलायला तोंड वळत नाही. रूथ हिल युसीम नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात असल्या मुलांसाठी 'थर्ड कल्चर किड्स' असं नाव काढलं होतं, मला ते तिशीत कळलं, आधी वाटायचं मी एकटाच असा अर्धवट.

फरक पडला तो 13 व्या वर्षी. आई-बाबांना सुट्टी मिळेना म्हणून मला एकट्याला 5 आठवडे आजीकडे ठेवलं. आता मध्ये पडून भाषांतर करायला कोणी नाही, आणि आजीला कमी ऐकू यायचं, म्हणजे अख्खं वाक्य ओरडून बोलावं लागायचं, तोंडातल्या तोंडात पुटपुटून चालायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात पत्ते खेळताना मी एक पान मांडीखाली दाबून ठेवलं, भावाने पकडलं, जोरदार भांडण झालं आणि मी धावत जाऊन आजीला सांगितलं की मी काही केलंच नाही, तोच खोटं बोलतोय. त्या भाषेत मी मारलेली ती पहिली थाप. आजीला अर्थातच कळलं आणि ती मला रागावली, चांगली रागावली. त्याआधी कधीच रागावली नव्हती, पाहुण्याला कोण रागावतं?

म्हणून माझं मत असं की दर वर्षी दहा-दहा दिवसांच्या धावत्या फेऱ्या मारण्यापेक्षा दोन-तीन वर्षांतून एकदा या पण महिनाभर राहा, आणि एकाच घरी राहा. रोज एका नातेवाइकाकडे मुलांना घेऊन फिरू नका, मुलांना त्यातलं एकही तोंड लक्षात राहत नाही. पहिले दोन-तीन दिवस तर कोणाकडेच नको. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एखादा तासच सरकतं, आणि पूर्वेकडे प्रवास असेल तर जास्तच त्रास.

आता कागदपत्रं. बऱ्याच देशांत लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो आणि अनेक देश तो अजून 6 महिने तरी चालणारा मागतात, आमची एक ट्रिप ह्यातच बुडाली. एकच पालक किंवा मूल एकटं जाणार असेल तर दुसऱ्याचं किंवा दोघांचं सहीचं संमतीपत्र, शक्यतो नोटरी केलेलं, सोबत हवंच. पुढे मुलांचं नागरिकत्व बदलायचं असेल तर दोन्ही ठेवता येतात का ते आधी बघा, काही देश चालू देत नाहीत, मग आजीकडे जायला पण व्हिसा.

आणि डॉक्टर. 'आपल्याच घरी तर चाललोय' म्हणून लोक लशी घेत नाहीत, तिथेच फसतात. मलेरिया असलेल्या भागात वाढलेल्यांना थोडीफार प्रतिकारशक्ती असते पण बाहेर राहिलं की ती ओसरते, आणि परदेशात जन्मलेल्या मुलांना तर ती नसतेच. निघायच्या 4 ते 6 आठवडे आधी डॉक्टरकडे जा, टायफॉइड, हेपॅटायटिस ए वगैरे काय लागेल ते विचारा.

मुलीची मला फारशी काळजी वाटत नाही, 5 व्या वर्षी भाषा बऱ्यापैकी बसलेली असते, फक्त शाळा सुरू झाल्यावर ती तिकडच्या भाषेत उत्तरं देईल तेव्हा तुम्ही आपल्याच भाषेत बोलत राहा. मुलाच्या बाबतीत मात्र बाबांनी रोज अर्धा तास तरी त्याच्याशी गप्पा माराव्यात, नाहीतर तोही आजीला फोनवर सांगेल, 'मी उद्या येते'.