‘सेंद्रिय हाये, तं मंग बंदी कायले?’

घाटंजी तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. ग्रामसभेत त्यांनी घातक रसायनांबद्दलचं पत्रक वाचून दाखवलं. ‘चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषके’ (इंग्रजीत ‘पर्सिस्टंट ऑरगॅनिक पोल्यूटंट्स’) हे शब्द आले आणि मागून एक आजोबा म्हणाले, “सेंद्रिय हाये, तं मंग बंदी कायले?” बाई विचारतात, भाषांतर चुकलंय का?

चुकलेलं नाही, पण आजोबांनी बरोबर नस पकडली. सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय, इंद्रियं असलेलं, सजीवांशी नातं असलेलं. रसायनशास्त्राने हाच शब्द कार्बनच्या संयुगांना लावला, त्यामुळे डीडीटीसारखं कीटकनाशकही सेंद्रियच! वावरात मात्र सेंद्रिय म्हणजे शेणखत, गांडूळखत, दशपर्णी अर्क. मराठी विश्वकोशात ‘कार्बनी’ हा शब्द आहे, तोच इथे घ्यावा.

‘चिरस्थायी’चं दुखणं वेगळं. अर्थ ठीक, पण तो शब्द कीर्तीच्या, स्मारकाच्या पंगतीतला. विषाला कशाला? अशा रसायनांवर बंदी-निर्बंध घालणाऱ्या 2001च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराची कसोटी रोखठोक आहे: निम्मा पदार्थ विघटित व्हायला मातीत 6 महिन्यांपेक्षा किंवा पाण्यात 2 महिन्यांपेक्षा जास्त काळ लागला, तर तो या वर्गात बसू शकतो. ‘टिकाऊ’ म्हणावं, तर ते चपलेचं कौतुक. गंमत अशी, की डीडीटीचं कौतुक याचसाठी होतं. हिवतापाचे फवारणीवाले भिंतीवर पांढरे ओघळ सोडून, दाराशी तारीख लिहून जायचे आणि पुढे कित्येक महिने त्या भिंतीवर बसलेला डास मरायचा. गुण तोच, पुढे दोष ठरला. रोगवाहक कीटकांपुरती डीडीटीला करारात अजूनही सवलत आहे. पऱ्हाटीवर सर्रास मारलं जाणारं एंडोसल्फान हे कीटकनाशक मात्र 2011 साली कराराच्या यादीत गेलं, आणि त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबवलं.

माझं मत ‘चिवट’ला. ज्याने वावरातलं कुंद्याचं तण खणून काढलंय, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

फक्त चिवट म्हणजे जहाल असं मुलांना सांगू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, तेव्हा मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचं नाव गाजलं. ते अतिशय जहाल, पण मातीत त्या मानाने लवकर विघटित होतं, म्हणून या करारात ते नाही.

तेव्हा बाई, पत्रकात ‘चिवट कार्बनी प्रदूषके’ लिहा. आजोबांना मात्र ‘लवकर न जिरणारं जहर’ एवढंच सांगा.