आधी ट्यूब बघा, मग सॉर्टरला दोष द्या

मिठागराच्या पाण्यात १६एस (सूक्ष्मजीव ओळखायच्या जीनची चाचणी) प्रमाणे हॅलोआर्कियाच (खारट पाण्यात राहणारे आर्किया) भरलेत, आणि सॉर्टरने (एकेका थेंबातून पेशी वेगळ्या करणारं मशीन) एकेक पेशी वेगळी केलेल्या प्लेटमध्ये मात्र स्यूडोमोनास नि डेल्फ्टिया हे भलतेच बॅक्टेरिया, हे तुमचं वाचलं नि पोटात गोळा आला. माझी पहिली प्लेट हुबेहूब अशीच होती.

रिकाम्या वेलचे (प्लेटमधल्या खळग्यांचे) कंट्रोल, रिएजंटला यूव्ही हे सगळं केलंच असेल, ते सोडतो. (डेल्फ्टिया बहुधा रिएजंटमधलाच. एका पेशीत डीएनए असतो काही फेम्टोग्रॅम, त्यापुढे धूळसुद्धा भारी पडते.)

माझं घोडं अडलं ते डायल्यूशनमध्ये. आमच्या सॉर्टर केंद्राचं म्हणणं, मिठाने नोझल चोंदेल, नमुना पीबीएसमध्ये (साध्या खारट बफरमध्ये) वीसपट पातळ करून आणा. मी आज्ञाधारकपणे केला. मिठागराच्या वाफ्यात मीठ २५ टक्क्यांच्या वर, पीबीएसमध्ये जेमतेम एक. बहुतेक हॅलोआर्किया एवढ्या पातळ पाण्यात फुटतात. म्हणजे ज्यांना शोधायचं त्यांना मी ट्यूबमध्येच मारलं. वर त्यांचा मोकळा डीएनए प्रत्येक थेंबात शिरला नि एकेका वेलमध्ये तीन-तीन जीवांच्या डीएनएचे तुकडे निघाले. आठ महिने आणि एंझाइमचे सगळे पैसे गेले. स्लाइडवर पाच मिनिटं बघितलं असतं तर हॅलोआर्कियातल्या चौकोनी पेशी नाहीशा झालेल्या तेव्हाच कळल्या असत्या!

आता मी वाफ्याचंच पाणी ०.२ मायक्रॉनमधून गाळतो नि त्यातच पातळ करतो. शीथ (नमुन्याभोवती वाहणारा द्रव) साधी पीबीएस राहिली तरी माझ्या मते चालतं: थेंब सुटल्यावर पेशी फुटली तर डीएनए त्याच वेलमध्ये पडतो. स्कॅटर (पेशीवरून विखुरणारा प्रकाश) मात्र गढूळ येतो, म्हणून गेट (कोणती पेशी घ्यायची ती मर्यादा) सायबर ग्रीन या डीएनएच्या रंगाच्या चमकेवर लावा. हा माझ्या मशीनचा अनुभव, तुमचं वेगळं वागू शकेल. आणि पेशी मारून टिकवायला फॉर्मॅलिन घालू नका, पुढे एमडीए (एका पेशीचा डीएनए वाढवायची एंझाइमची क्रिया) रुसतो.

केंद्राबद्दल काय बोलू. रक्तपेशींसाठी घेतलेलं मशीन, अर्जात 'खारट नमुना' दिसला की फाइल तळाशी. चार महिने फेऱ्या मारल्या. शेवटी स्पेनमधल्या सांता पोलाच्या मिठागरातल्या एकाच पेशीतून नॅनोहॅलोआर्कियाचा (अगदी लहान, खारट पाण्यातल्या आर्कियाचा) जीनोम मिळाल्याचा २०११ चा पेपर अर्जाला जोडला, नंतर मशीन धुवायला तासभर डिस्टिल्ड वॉटर मीच सोडीन असं लिहून दिलं, तेव्हा कुठे शुक्रवारचा शेवटचा स्लॉट मिळाला. तुम्हीही शेवटचाच मागा. नोझल १०० मायक्रॉनची.