कोंबडीनं कोपरा धरला तर

प्रश्न (मनोरी): घरामागे चार गावठी कोंबड्या आहेत. त्यांतली दोन वर्षांची एक दोन दिवसांपासून पिसं फुगवून कोपऱ्यात उभी असते. शेपूट खाली, दाण्याला तोंड लावत नाही, शीट हिरवट-पांढरी. पाच दिवसांपूर्वी तिनं कवच नसलेलं, नुसत्या कातडीचं अंडं घातलं. त्यानंतर अंडं नाही. शेजारी टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यातून द्या म्हणतात. द्यावी का?

उत्तर: कॅप्सूल आत्ता देऊ नका. आधी कोंबडी हातात घेऊन नीट तपासा.

हिरवी शीट पाहिली की लगेच मानमोडीची, म्हणजे राणीखेत या साथीच्या रोगाची, भीती घातली जाते. पण हा हिरवा रंग पित्ताचा असतो. पोटात दाणा गेला नाही की पित्तच तेवढं बाहेर पडतं. पांढरा भाग म्हणजे तिची लघवी. तो निरोगी शिटेवरही असतो. म्हणजे शिटेवरून सध्या एवढंच कळतं की कोंबडी उपाशी आहे. का उपाशी आहे, ते अंगाला हात लावून शोधावं लागेल.

संध्याकाळी तिला मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली पांढरा कागद घालून, वेगळी ठेवा. पाणी ठेवा. सकाळी दाणा देण्याआधी गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला असलेली अन्नपिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. घट्ट गोळा लागला तर लांब गवत किंवा नायलॉनची दोरी अडकलेली असू शकते. पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळली आणि चोचीला आंबूस वास आला तर आत अन्न आंबलं आहे. अशा वेळी उलटी टांगून ओकायला लावण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका, ते पाणी श्वासनळीत जाऊन कोंबडी हातातच मरते.

मग छातीचं मधलं हाड. आमच्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर आजार चार-दोन दिवसांतला. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर कोंबडी कित्येक आठवडे झिजते आहे. जंत, उवा-गोचीड किंवा आतली गाठ असा जुना काहीतरी त्रास शोधायचा. तुरा फिका पडला असेल तर रात्री टॉर्च घेऊन खुराड्यातल्या बसायच्या दांड्याच्या खालच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर रक्ताचे लाल ठिपके उमटले तर रक्त पिणारे किडे तिथेच दडले आहेत. दिवसा ते कोंबडीच्या अंगावर सापडत नाहीत.

तुमच्या कोंबडीचा मात्र आम्हाला वेगळा संशय आहे. कातडीचं अंडं, नंतर अंडी बंद आणि शेपूट खाली ही तिन्ही लक्षणं अंडं अडकल्याकडे बोट दाखवतात. पाय फाकवून उभी राहते का, शेपूट पंपासारखी वरखाली करते का, ते पाहा. हातमोजा घालून तर्जनीला खोबरेल लावा आणि गुदद्वारातून अलगद, सरळ आत घाला. दोन इंचांच्या आत टणक, गुळगुळीत किंवा कातडीसारखं काही लागलं तर ते अंडं. बाहेरून दाबून काढायला जाऊ नका. आत फुटलं तर कवचाच्या कडा अंडनलिका कापतात आणि जंतुसंसर्ग होतो.

बादलीत कोमट पाणी घ्या, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढंच, साधारण 38 ते 40 अंश. त्यात तिला पोटापर्यंत 15 ते 20 मिनिटं धरून ठेवा. बाहेर काढून पुसा, गुदद्वाराला पुन्हा खोबरेल लावा, 500 मिलिग्रॅम कॅल्शियमची एक गोळी तुकडे करून चोचीत द्या आणि अंधाऱ्या, उबदार जागी एकटी सोडा. अंडं ढकलणाऱ्या स्नायूंना आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, म्हणून ही गोळी. टेट्रासायक्लिन हेच कॅल्शियम पोटात बांधून ठेवतं. म्हणजे शेजाऱ्यांची कॅप्सूल आणि ही गोळी एकमेकींचं काम बिघडवतील. दुसऱ्या दिवसापर्यंत अंडं पडलं नाही तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल किंवा पक्षी पाहणारा जवळचा पशुवैद्य गाठा.

बोटाला अंडं लागलं नाही, पण दोन पायांमधलं पोट पाण्याच्या पिशवीसारखं मऊ आणि फुगलेलं असलं तर अंड्याचा बलक नलिकेत न जाता पोटात पडून तिथे सूज आली असावी. यातून कोंबड्या फार कमी वाचतात. पशुवैद्य सुईनं पाणी काढून आराम देऊ शकतात, पण दुखणं बरंचदा उलटतं. हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

उरलेल्या तिघींसाठी: एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. भात, पोळीचे तुकडे आणि कणीतून ते कधीच भरून निघत नाही. तुमच्याकडे तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) कवचं वाया जात असतील. ती उकळा, उन्हात कडक वाळवा आणि तुरीच्या डाळीएवढे तुकडे करा. पीठ करू नका. कवच रात्री तयार होतं, आणि जाड तुकडे पेट्यात, म्हणजे दाणा दळणाऱ्या पोटात, राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. हे तुकडे वेगळ्या वाटीत ठेवा; जिला हवं ती खाईल. सुकटीचा चुरा मात्र धुतल्याशिवाय घालू नका. त्यातल्या मिठानं कोंबड्या सारखं पाणी पितात आणि पातळ हगतात.

प्रश्न (आरे कॉलनी): पाऊस सुरू झाल्यापासून दीड महिन्याची पिल्लं सुस्त आहेत, शिटेत रक्त दिसतं. दोन मेली.

उत्तर: या वयात, ओल्या भुशावर, रक्ती हगवण म्हणजे बहुतेक वेळा कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीमुळे होणारा रोग. फक्त आठवणीनं शीट पुन्हा पाहा: चॉकलेटी, चिकट, घाण वासाची शीट दिवसातून काही वेळा पडतेच, ती रोगाची नव्हे. ताजं लाल रक्त दिसत असेल तर एक पिल्लू किंवा ताजी शीट पशुवैद्याला दाखवा आणि औषध लगेच सुरू करा. ॲम्प्रोलियम 20 टक्के पावडर 1 लिटर पाण्यात 1.2 ग्रॅम, पाच दिवस. पाणी रोज नवं, प्यायला दुसरं काही नको. ताकद यावी म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. ॲम्प्रोलियम हे बी-1 जीवनसत्त्वाचं सोंग घेऊन परजीवीला उपाशी मारतं. खरं बी-1 दिलंत तर परजीवीच पोसला जाईल.

फिनेलनं या परजीवीची अंडी मरत नाहीत, कोरडेपणानं मरतात. ओला भुसा काढून टाका, दोन-तीन इंच कोरडा भुसा पसरा, रोज हलवा, आणि पाण्याचं भांडं पिल्लांच्या पाठीएवढ्या उंचीवर विटेवर ठेवा.

प्रश्न (वरळी कोळीवाडा): कोंबडी खुराड्यातून उठत नाही, खाणं कमी, पिसं फुगलेली. आजारी आहे का?

उत्तर: हात घालून पाहा. गुरगुरली, टोचायला आली, तर ती खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. आजारी कोंबडी प्रतिकार करत नाही. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, भलीमोठी शीट टाकते, खाते आणि परत बसते. अंडी उबवायची नसतील तर जाळीचा तळ असलेल्या पिंजऱ्यात, खालून वारं लागेल असं, तीन दिवस ठेवा. दाणा-पाणी चालू ठेवा.

प्रश्न (भांडुप): काल एक अचानक मेली, आज दोघींच्या माना वाकड्या झाल्यात. कापून खाव्यात का?

उत्तर: अजिबात नाही. कापू नका, विकू नका, कुणाला देऊ नका. ही मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकते, आणि बर्ड फ्लूही. नुसतं पाहून दोन्हींत फरक करता येत नाही. बर्ड फ्लू 2006 मध्ये नवापूरला आला, 2021 मध्ये परभणीकडेही. तोंडाला मास्क आणि हातमोजे घालून मेलेली कोंबडी दोन पिशव्यांत बांधा, मुलांना लांब ठेवा आणि आजच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तिची विल्हेवाट कशी लावायची ते तेच सांगतील.

मानमोडीवर औषध नाही, लसच आहे: पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. कुपीत निदान शंभर कोंबड्यांची लस असते आणि कालवल्यावर बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी ती फुकट जाते, म्हणून आळीतल्या सगळ्या कोंबड्यांना एकाच सकाळी टोचून घ्या.