रेवस-रेडी सागरी महामार्ग राज्य महामार्ग आहे की राष्ट्रीय? आणि तो नेमका कुठून जातो?

राज्याचाच. नकाशात 'प्रमुख राज्य मार्ग ४' असं शोधा. मुंबई-गोवा महामार्ग वेगळा. तो राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा १७, आणि बराच आतून जातो.

सागरी मार्ग अलिबागजवळच्या रेवसपासून मुरूड, श्रीवर्धन, दापोली तालुक्याचा किनारा, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याच्या हद्दीजवळ रेडीला संपतो. नकाशावर रेघ सलग दिसते, पण मध्ये खाड्या आहेत. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे गाडी फेरीबोटीत चढवायची. वळसा टाळायचा तर निघण्याआधी बोटीच्या वेळा विचारा, विशेषतः पावसाळ्यात. गोव्याला लवकर पोचायचं असेल तर हा रस्ता नकोच.