सिलिकॉन भरूनही जुनी मोटरहोम गळतेच आहे, टप बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वीस-बावीस वर्षांची मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतलीत, पाऊस आला की ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाच्या कोपऱ्यात ठिबकतं, बाहेरून दोन ट्यूब सिलिकॉन भरलंत तरी ठिबकतंच, मग आता सगळा टप नवा करावा का?

नका करू. निदान एवढ्यात तरी नको. आधी ते सिलिकॉन खरवडून काढा.

जीवावर येईल, पण सिलिकॉनची खोडच अशी आहे की त्याचा थर एकदा बसला की त्यावर पुढे काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. शिवाय ते तुम्ही सांध्याच्या वरून फासलंय. पाणी खरं अडवते ती सांध्यावरच्या धातूच्या पट्टीच्या किंवा खिडकीच्या फ्रेमच्या मागे दाबून बसवलेली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी टेप. ती वाळून तडकली की वरच्या लेपाचा उपयोग शून्य. उलट आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटही बुजते.

आणि ठिबकतं तिथेच गळतं, असं धरून चालू नका. मी पहिल्या वर्षी हेच केलं, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेगडीच्या वरच्या कपाटात पाणी यायचं म्हणून शेजारची खिडकी दोनदा सील केली. पाणी येत होतं गाडीच्या कपाळावरच्या मार्कर लाइटमधून, म्हणजे गाडीची उंची-रुंदी दाखवणाऱ्या छोट्या दिव्यातून! दिव्याचं कव्हर काढून स्क्रू सोडवायला गेलो, तर एकाचं नुसतं डोकं हातात आलं, बाकीचा गंजून गेलेला. मागच्या फोमच्या गॅस्केटला (दिवा आणि गाडीच्या मधल्या मऊ गादीला) बोट लावलं आणि भुगा झाला. पाणी वायरच्या भोकातून आत शिरत होतं, वायर धरून दीडएक मीटर मागे जात होतं आणि वायर खाली वळते तिथे थेंब पडत होता. तुमचा पलंग त्याच दिव्यांच्या खाली आहे, त्यामुळे माझा पहिला संशय तिथेच. दुसरा, कोपऱ्यावरून उतरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर.

संशय पक्का करायला पाइप घ्या आणि एकाला टॉर्च देऊन आत बसवा. पाणी खालून वर मारत चला. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळ्या सांध्यांवरून जातो आणि चोर सापडत नाही. प्रत्येक सांध्यावर दहा मिनिटं, साध्या धारेनं. प्रेशर वॉशर नको, तो पाऊस जिथे कधीच शिरणार नाही तिथेही पाणी घुसवतो.

सांधा सापडला की पट्टी पूर्ण उतरवायची. मधली प्लॅस्टिकची पट्टी ओढली की खालचे स्क्रू दिसतात. जुनं ब्युटाइल प्लॅस्टिकच्या पातीनं खरवडा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी टेप लावा, स्क्रू स्टेनलेसचे घाला. एकदम आवळू नका. थोडं थोडं, सगळीकडून सारखं आवळा. टेप हळूहळू बाहेर येते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी मारा आणि मगच बाहेर आलेली टेप कापा. दिव्यांचं गॅस्केट बदला आणि कडेनं सीलंट लावताना वरची बाजू आणि दोन्ही अंगं भरा, खालची मोकळी सोडा. खिडक्यांच्या खालच्या चौकटीतली बारीक भोकंही बुजवू नका. ती पाणी बाहेर जाण्यासाठीच असतात. (माझ्या गाडीच्या आधीच्या मालकानं ती मोठ्या प्रेमानं बुजवली होती.)

टपावर चढलात तर फळी टाकून तिच्यावर बसा, खालचं प्लायवूड कुजलेलं असू शकतं. टप रबराचा असेल तर पेट्रोल, थिनर लांब ठेवा, त्यानं रबर फुगतं. सपाट जागी आपोआप पसरणारं लॅप सीलंट (टपावरचे सांधे झाकायचा लेप) वापरा, उभ्या भिंतीवर न ओघळणारं. एसी टपावर असेल तर आतून त्याचे चार बोल्ट तपासा. गॅस्केट दबून दबून बसतं आणि बोल्ट सैल पडतात. पण कचकचून आवळलेत तर गॅस्केट चेपून जातं आणि गळती वाढते.

आता टपाचं. कोपऱ्यातलं आतलं पॅनल उघडा आणि लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टणक लागलं तर नुसतं वाळवा. केकसारखं आत गेलं तर तेवढा तुकडा कापून नवा बसवा. हा मऊपणा टपाच्या मध्यापर्यंत पोचला असेल, चालताना पाय दबत असेल, तरच टप बदलायचा विचार करा. पॅनल परत लावायची घाई नको. ओल मोजायचं मीटर लाकडात १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत ते उघडंच राहू द्या, पंखा लावून आठवडे गेले तरी चालतील. मधल्या काळात गाडी पुढून किंचित खाली कललेली उभी करू नका, नाहीतर टपावरचं सगळं पाणी त्या कोपऱ्याकडेच येईल.