पर्ज व्हॉल्व्ह नवा टाकूनही पी ०४४३ कोड परत येतोय. व्हॉल्व्ह आणि त्याची वायरिंग घरी कशी तपासू?

व्हॉल्व्ह बदलायच्या आधी वायर बघायला हवी होती. पर्ज व्हॉल्व्ह म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ नळीतून इंजिनात सोडणारा, विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. पी ०४४३ हा बिघाडाचा कोड त्याच्या सर्किटचा, म्हणजे विजेच्या जोडणीचा आहे. व्हॉल्व्ह गेला असं तो सांगतच नाही. याच कोडवरून माझं आणि मामाचं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मामाचं रत्नागिरीत गॅरेज. वायरिंग मी तिथेच शिकलो. मिऱ्याकडे राहणाऱ्या एका मास्तरांची पेट्रोल गाडी आली, हाच कोड. मी व्हॉल्व्ह काढून बघितला. करंट नसताना फुंकलं तर हवा जात नव्हती, बॅटरीला लावला की टिक करून उघडत होता, कॉइल २६ ओहम. चांगला व्हॉल्व्ह असाच असतो. मामाने कपलरवर, म्हणजे व्हॉल्व्हला वायर जोडणाऱ्या प्लगवर मीटर लावला, चावी ऑन, १२.४ व्होल्ट. "करंट येतोय, वायर ओके. नवा व्हॉल्व्ह मागव." नवा बसवला, कोड पुसला. चार दिवसांनी मास्तर परत दारात.

मग मी पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब घेतला. एक वायर कपलरच्या पॉझिटिव्ह पिनला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब जेमतेम लाल झाला आणि त्याच पिनवर मीटर ३ व्होल्टवर आला. मीटर स्वतः नावालाच करंट ओढतो, त्यामुळे सडलेल्या वायरीतूनही तो १२ दाखवतो. व्हॉल्व्हला अर्ध्या अँपिअरच्या आसपास लागतो आणि ५ वॅटचा बल्बही साधारण तेवढाच घेतो. म्हणून बल्ब लावून बघायचं.

वायरिंगच्या जुडग्याची टेप सोडत गेलो. कपलरपासून वीतभरावर वायरीच्या प्लास्टिकला सुईचं भोक. तिथे सोललं तर आत तांब्याचा हिरवा भुगा. कुणीतरी कधीतरी टेस्टरची सुई टोचून करंट बघितला होता आणि भोक तसंच सोडलं होतं. पुढचं काम खाऱ्या हवेने केलं. खराब तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. चेक इंजिनची लाइट पुन्हा लागली नाही.

मामाचं म्हणणं, सगळे सुई टोचूनच बघतात, वर टेप मारली की झालं. नाही होत. इंजिनच्या उष्णतेने टेप सुटते आणि पाणी आत जातं. कपलरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथून बारीक पिन सरकवली की वायरीला धक्का न लावता मोजता येतं. दोन मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

दुसरी वायर इसीएमकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाते. इसीएम तिला भराभर अर्थिंग (निगेटिव्ह) देतो आणि तोडतो. तिथे साधा बल्ब नको, एलईडीचा टेस्टर दोन्ही पिनांच्या मध्ये लावा आणि इंजिन गरम झाल्यावर थोडा रेस द्या. तो लुकलुकायला हवा. नाही लुकलुकला तर बॅटरी आणि इसीएमचा कपलर काढून ती वायर सलग आहे का आणि बॉडीला टेकत नाही ना, ते बघा. या वायरीला थेट पॉझिटिव्ह देऊ नका, इसीएम जाऊ शकतो.

काही गाड्यांत इसीएम हा व्हॉल्व्ह गाडी रस्त्यावर धावतानाच चालवतो, त्यामुळे उभ्या गाडीत एलईडी गप्प राहिला म्हणून लगेच इसीएमवर आळ घेऊ नका. कॉइलचा आकडाही गाडीगणिक बदलतो, बहुतेकदा २० ते ३० ओहममध्ये असतो. आणि त्या नळ्यांत पेट्रोलची वाफ असते, बॅटरीची ठिणगी तिथे नको. व्हॉल्व्ह गाडीपासून लांब नेऊन तपासा.

तुमचा जुना व्हॉल्व्ह गॅरेजमधून मागून घ्या आणि फुंकून, बॅटरीला लावून बघा. चांगला निघाला तर नव्याचे पैसे परत मागा. मास्तरांना पैसे परत द्यायला मी सांगितलं होतं. मामाने दिले नाहीत.